‘आपण’ आणि ‘आम्ही’ : चांगाबांगच्या एका चढाईची दोन पुस्तके

गिर्यारोहणाची पुस्तके वाचताना वाचकाचे लक्ष उंचीकडे, थंडीकडे आणि अपघातांकडे असते. सर्वनामांकडे सहसा कोणी पाहत नाही. माझेही बरीच वर्षे तसेच झाले. पीटर बोर्डमन यांचे ‘द शायनिंग माउंटन’ आणि जो टास्कर यांचे ‘सॅव्हेज अरीना’ ही पुस्तके मी मोठ्या अंतराने वाचली होती. पहिले संपूर्ण पुस्तक ज्या चढाईवर आहे, तिच्यावरच दुसऱ्यात एक प्रकरण आहे. दोन्ही शेजारी ठेवून पुन्हा वाचली, तेव्हा एक प्रश्न पडला आणि तो अजून सुटलेला नाही. एका दोराला बांधलेली दोन माणसे ‘आम्ही’ म्हणतात, तेव्हा नेमके कोण बोलत असते?

आधी थोडी हकिगत. चांगाबांग हे ६,८६४ मीटर उंचीचे शिखर गढवालमध्ये, नंदादेवी अभयारण्याच्या उत्तरेकडील कड्यांच्या रांगेत आहे. फिकट रंगाच्या ग्रॅनाइटमुळे ते दुरूनही चमकते. १९७४ साली क्रिस बॉनिंग्टन आणि बलवंत संधू यांच्या भारतीय-ब्रिटिश मोहिमेने त्यावर पहिली चढाई केली. पुढच्या वर्षी टास्कर आणि डिक रेनशॉ या दोघांनीच शेजारचे दुनागिरी सर केले. तिथून टास्करना चांगाबांगची पश्चिम भिंत दिसली आणि ती त्यांच्या डोक्यातून गेली नाही. रेनशॉ यांची बोटे हिमदंशाने जायबंदी झाली होती, म्हणून टास्करनी बोर्डमनना विचारले. बोर्डमन नुकतेच, १९७५ मध्ये, एव्हरेस्टच्या नैऋत्य भिंतीवरून शिखरावर जाऊन आले होते. ती मोठा लवाजमा असलेली मोहीम होती. ही फक्त दोघांची. लटकत्या झोळीत झोपण्याचा सराव त्यांनी इंग्लंडमधल्या एका शीतगृहात केला. सुमारे साडेपाच हजार फुटांच्या त्या भिंतीवरचा पहिला प्रयत्न सोडून त्यांना तळावर परतावे लागले. पुन्हा वर जाऊन १५ ऑक्टोबर १९७६ रोजी ते माथ्यावर पोचले.

झोळीच का, हे सह्याद्रीत फिरणाऱ्याला समजावून सांगावे लागते. आपला कातळ बेसॉल्टचा. लाव्ह्याच्या थरांवर थर बसून तो झाला, म्हणून सरळ कड्यातही मधूनमधून आडवी पट्टी मिळते, बूड टेकता येते. ग्रॅनाइट जमिनीच्या पोटात सावकाश थंड झालेला. त्याच्या उभ्या भेगांत हात कोंबता येतो, मेख ठोकता येते, पण गुळगुळीत पाटीवर बसायला जागा मिळेलच असे नाही. अशा भिंतीवर दोन माणसे बहुतेक वेळ एकत्र नसतात. एक जण पुढे चढतो. दुसरा खाली दोर सांभाळत तासन्‌तास थंडीत उभा राहतो. मधे दोराची लांबी आणि वारा. संवाद काय तो ‘सोड’, ‘धर’, ‘ये’ इतकाच. पुढचा माणूस बोटांखालच्या दगडात गुंतलेला असतो, मागच्याला विचार करायला नको तितका वेळ असतो. म्हणजे एकाच पन्नास मीटरच्या टप्प्याचे दोन अनुभव तयार होतात, तेही परस्परांना न दिसता. दोन पुस्तकांतला फरक स्वभावांचा आहे हे खरे. पण तो आधी दोराच्या रचनेतच आहे, असे माझे म्हणणे आहे.

चांगाबांगबाबत एक सोयीची गोष्ट अशी, की सोबत्यांनी मिळून केलेली चढाई सांगण्याच्या तीन तऱ्हा या एकाच डोंगराने दिल्या आहेत. १९७४ च्या मोहिमेचे ‘चांगाबांग’ हे पुस्तक अनेक हातांनी लिहिले गेले. बॉनिंग्टन, संधू, डग स्कॉट, डूगल हॅस्टन, मार्टिन बॉयसन यांची नावे लेखक म्हणून एकत्र आहेत. एकाने थांबायचे, दुसऱ्याने पुढे न्यायचे, अशी ती पालखी आहे. १९७८ चे ‘द शायनिंग माउंटन’ बोर्डमनचे आहे. पण त्यात टास्करचा मजकूर त्यांच्याच आवाजात जागोजागी घातलेला आहे आणि मुखपृष्ठाआतल्या पानावर तसे श्रेयही दिले आहे. तिसरे १९८२ चे ‘सॅव्हेज अरीना’. त्यात टास्कर एकटे बोलतात.

समीक्षकांचा कौल बोर्डमनकडे झुकतो. त्यांच्या पुस्तकाला १९७९ मध्ये जॉन लुवेलिन ऱ्हीस पारितोषिक मिळाले. त्यांचे गद्य प्रकाशाकडे, रंगांकडे, स्वतःच्या मनातल्या लाटांकडे वळते. टास्करचे गद्य कोरडे, हिशेबी वाटते. पण दोघांनीही एक गोष्ट लपवलेली नाही : मतभेद, अबोला, एकमेकांशी मुकाट चाललेली चढाओढ, मनातल्या मनातली चीड. जिवलग सोबत्याबद्दल इतके उघड लिहिणे त्या काळच्या मोहीम-साहित्यात सरसकट आढळत नव्हते.

इथे मराठीची मदत होते. इंग्रजीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांना एकच शब्द आहे. मराठीला निवड करावी लागते. भिंतीवर संध्याकाळी एक जण दुसऱ्याला म्हणेल, ‘आपण उद्या निघू.’ तोच माणूस खाली येऊन जगाला सांगेल, ‘आम्ही दुसऱ्या दिवशी निघालो.’ पुस्तक लिहिताक्षणी ‘आपण’चे ‘आम्ही’ होते आणि या बदलात काहीतरी गळते. ‘आपण’मध्ये समोरचा ‘नाही’ म्हणू शकतो. ‘आम्ही’मध्ये तो गप्प असतो, त्याच्या वतीने कोणीतरी बोलत असते. बोर्डमननी टास्करचा मजकूर आत घेतला, तो मला या गळतीवरचा उपाय वाटतो. ‘आम्ही’ थांबवून ते सोबत्याला बोलू देतात आणि क्षणभर पान पुन्हा ‘आपण’चे होते.

यावर आक्षेप आहे आणि तो रास्त आहे. टास्करचे कोणते शब्द घ्यायचे, कुठे ठेवायचे, हे शेवटी बोर्डमनच ठरवतात. पाहुण्याला बोलायला लावले तरी घर यजमानाचेच राहते. म्हणूनच ‘सॅव्हेज अरीना’तले ते प्रकरण महत्त्वाचे. त्यात बोर्डमन हे पात्र आहेत, निवेदक नाहीत. पहिल्या पुस्तकात ज्यांच्या मनाच्या आतून आपण भिंत पाहिली, तेच इथे दोराच्या दुसऱ्या टोकाला, बाहेरून दिसतात. मला हे प्रकरण पहिल्या पुस्तकाची दुरुस्ती वाटत नाही, खंडन तर मुळीच नाही. दोराचे दुसरे टोक हाती आल्यासारखे ते वाटते. एकट्या ‘द शायनिंग माउंटन’ला श्रेष्ठ ठरवणारी समीक्षा म्हणून मला अपुरी वाटते.

हा प्रश्न माझ्यासाठी निव्वळ वाङ्मयीन नाही. मराठीत मोहिमांचे वृत्तांत दिवाळी अंकांतून, संस्थांच्या स्मरणिकांतून पुष्कळ येतात. त्यांत ‘आम्ही’ही पुष्कळदा लोपतो. ‘दोर लावला’, ‘निर्णय झाला’, ‘परत फिरावे लागले’. कोणी लावला, कोणाचा निर्णय, कोण परत फिरू इच्छित नव्हते, हे मराठी वाक्य सहज पोटात घालते. तिशीत मीही असा एक वृत्तांत लिहिला. आमच्यातला एक जण सुळक्याखाली घाबरून बसला होता आणि त्याला तिथेच सोडून आम्ही वर गेलो. मी लिहिले : ‘एका सदस्याची प्रकृती बरी नसल्याने तो खाली थांबला.’ ते वाक्य मी दयेने लिहिले, असे तेव्हा वाटले होते. खरे तर आम्ही त्याला विचारलेही नव्हते. त्याने लेख वाचला, छान झालाय म्हणाला आणि पुन्हा आमच्याबरोबर कधी आला नाही. त्याच्या बाजूची दोन पाने मी मागून घेतली असती तर लेख बिघडला असता. खोटा झाला नसता.

चढाईनंतर खाली येताना या दोघांवर आणखी एक काम पडले. दुनागिरीवर अमेरिकी मोहिमेतील चार जण मरण पावले होते. त्यांना मूठमाती द्यायला हे दोघे गेले. पुस्तकाच्या शेवटी हे येते, त्यामुळे विजयाचा सूर आपोआप खाली उतरतो. त्या चौघांच्या दोराची गोष्ट सांगायला दोराचे कोणतेच टोक उरले नव्हते.

१९८२ मध्ये ‘सॅव्हेज अरीना’चे हस्तलिखित प्रकाशकाकडे देऊन टास्कर बोर्डमनबरोबर एव्हरेस्टच्या ईशान्य धारेवर गेले. १७ मे रोजी ते दोघे शेवटचे दिसले. पुस्तक त्यानंतर प्रसिद्ध झाले. त्यातल्या आपल्या चित्राबद्दल बोर्डमनना काय वाटले असते, हे सांगायला ते नव्हते. त्यांनी काही म्हटले असते तर उत्तर द्यायला टास्करही नव्हते. त्यांच्या नावाने पुढे गिर्यारोहण-साहित्याचे एक पारितोषिक सुरू झाले, त्यात दोघांची आडनावे जोडूनच घेतली जातात. ते योग्यच आहे. मात्र त्या दोन आडनावांमधली जागा वाचताना गाळू नये. दोर तिथेच असतो.