चर्चासत्रातलं पाणी

आजच्या व्याख्यानाचा विषय ‘पाणी, हवामान आणि विद्यापीठीय संशोधन’ असा जाहीर झाला आहे. विषय फारच मोठा आहे. म्हणून आम्ही तो एका लहान गावापासून सुरू करतो.

महाडजवळ सावित्रीच्या काठी सव नावाचं गाव आहे. तिथं गरम पाण्याची कुंडं आहेत. महाड-पोलादपूरकडच्या माणसाला सवचं नाव काढलं की पहिल्यांदा कुंडच आठवतं. सांधेदुखी असो, खरूज असो, सवला जाऊन अंघोळ कर, असं घरातली म्हातारी माणसं सांगत आली. कोकणात अशा झऱ्यांची एक रांगच आहे. वर वज्रेश्वरी-गणेशपुरी, खाली उन्हवरे, आरवली, तुरळ, राजवाडी, आणि थेट राजापूरचं उन्हाळे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने १९९१ मध्ये देशाचा भू-औष्णिक अ‍ॅटलास काढला, त्यात ही पश्चिम किनाऱ्याची रांग आहे. संशोधक येतात, तापमान घेतात, बाटल्या भरून नेतात. त्या पाण्याच्या समस्थानिकांवरून एक फार सुंदर गोष्ट कळलेली आहे. हे पाणी मुळात पावसाचंच आहे. खडकांच्या भेगांतून ते खोल उतरतं, तिथल्या उष्णतेनं तापतं आणि पुन्हा वर येतं. काही झऱ्यांत समुद्राच्या पाण्याचाही अंश आहे. खाली ज्वालामुखी बिलामुखी काही नाही. आता कुंडावर अंघोळीला आलेल्या माणसाला विचारा, तो ‘गंधक’ एवढंच सांगेल. चूक त्याची नाही. बाटली गेली, पण बाटलीतून काय निघालं ते परत आलंच नाही.

आमची आजची तक्रार एवढीच आहे, बाकी सगळा तिचा विस्तार समजा.

पाण्यावरची चर्चासत्रं आम्ही पुष्कळ ऐकली, काहींत बोललोही. त्यामुळे ही टीका बाहेरून दगड मारण्यासारखी नाही. चर्चासत्राचं माहितीपत्रक आपण एखाद्या पुस्तकाचं परीक्षण करतो तसं वाचून बघा. शीर्षकात ‘आव्हाने आणि संधी’ असतं, किंवा ‘शाश्वत’ असतं, बहुतेक वेळा दोन्ही. उपविषय पंधरा-वीस. पाणी, हवामान, जैवविविधता, ऊर्जा, समाजमाध्यमं, महिला सक्षमीकरण, म्हणजे कुणाचाच निबंध परत पाठवावा लागू नये अशी सोय. मग उद्घाटन, दीपप्रज्वलन, बीजभाषण. बीजभाषण लांबतं आणि निबंध वाचणाऱ्या मुलांना सात-सात मिनिटं मिळतात. ज्या मुलीनं दोन पावसाळे नदीकाठ पालथा घातला तिला ‘कृपया आटोपतं घ्या’ची चिठ्ठी जाते. हे विनोदानं सांगतोय, पण आम्हीही अशा चिठ्ठ्या पाठवल्या आहेत.

आता निबंधाकडे या. त्यात ‘अभ्यासक्षेत्र’ नावाचा परिच्छेद असतो. अक्षांश, रेखांश, जिल्ह्याचा नकाशा, आणि मग ते ठरलेलं वाक्य: जिल्ह्यात सरासरी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. वाक्य खरं आहे. पण आमच्या मते गाव निबंधातून नाहीसं होतं ते नेमकं याच वाक्यात. सावित्री महाबळेश्वरला उगम पावते. कृष्णा आणि कोयना पूर्वेकडे जातात, ही मात्र पश्चिमेला कड्यावरून उतरते आणि थोड्याच अंतरात जवळजवळ समुद्रसपाटीला येते. महाडला गांधारी आणि काळ तिला मिळतात, खालून खाडीची भरती वर चढते. म्हणजे वरून लोंढा आणि खालून अडवण. वर महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर, डोंगरापलीकडे वाईला हजाराच्याही आत. असल्या मुलखात ‘सरासरी’ला काय अर्थ? २२ जुलै २०२१ च्या त्या चोवीस तासांत एकट्या महाबळेश्वरला ५९४ मिलिमीटर पाऊस पडला. महाड पाण्याखाली गेलं. त्याच दिवशी तळीयेवर डोंगर आला आणि ऐंशीहून अधिक माणसं गेली, पोलादपूर तालुक्यातही दरडी कोसळल्या. त्याआधी जुलै २००५ मध्ये दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते. ही नावं महाडमध्ये अजून एका दमात घेतली जातात.

अशाच एका चर्चासत्रातली गोष्ट. कुठलं ते सांगत नाही, आम्ही मंचावर होतो एवढं पुरे. भूस्खलनावरचं सत्र होतं, उतारांचे रंगीत नकाशे झाले, लाल, नारिंगी, पिवळे. शेवटच्या रांगेत डोंगरातल्या एका वाडीवरचे एक गृहस्थ बसले होते, बहुधा मुलीचा निबंध ऐकायला आलेले. ते उभे राहिले आणि म्हणाले, ‘‘साहेब, किती पाऊस पडला म्हणजे आमी घर सोडायचं?’’

मंचावर चौघं होतो. एकानं ‘अधिक संशोधनाची आवश्यकता’ सांगितली. दुसऱ्यांनी प्रश्न चांगला असल्याचं सांगितलं. मग चहा झाला.

या प्रश्नाला उत्तर नाही असं नव्हे. पूर्ण उत्तर अवघड आहे, पण अर्धं उत्तरसुद्धा माणसं वाचवतं. डोंगर एका दिवसाच्या पावसानं पडत नाही. आधीचे तीन-चार दिवस जांभ्याची, कुजलेल्या बसाल्टची माती पाणी पिऊन जड झालेली असते. त्यावर मग तासाभराची जोराची सर पुरते. कोरड्या डोंगरानं जेवढा पाऊस सोसला असता त्याच्या निम्म्यातसुद्धा भिजलेला डोंगर सुटू शकतो. तेव्हा आकडा एक नसतो, दोन असतात: आधी किती मुरला आणि आता किती पडतोय. हे दोन आकडे काढायला काय लागतं? वाडीच्या जवळचं पर्जन्यमापक, आणि आजवर कुठं, कधी, शक्यतो किती वाजता दरड आली त्याची वही. शासनाच्या ‘महावेध’ प्रकल्पात महसूल मंडळाला एक स्वयंचलित केंद्र आहे. पण सपाटीवरचं केंद्र घाटाच्या कुशीतल्या सरीबद्दल फारसं सांगू शकत नाही. आणि वही? ती लोकांच्या डोक्यात आहे. कुठली विहीर अचानक गढूळ झाली, कुठं नसलेला झरा फुटला, कुठं बांधाला भेग पडली, हे सगळं लोकांना ठाऊक आहे, फक्त तारीख घालून लिहिलेलं नाही. महाड, पोलादपूर, माणगावच्या महाविद्यालयांत याच वाड्यांची मुलं शिकतात. लोणेऱ्याला बाबासाहेबांच्या नावाचं तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे, १९८९ पासून. वही भरायला परदेशी निधी लागणार नाही.

इथं कुणी म्हणेल, यादी आहे की! धोक्याच्या गावांची यादी आहे. आहे, आणि ती उपयोगाचीही आहे. पण याच रायगड जिल्ह्यात १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडी गाडली गेली, आणि ती वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती, हे सरकारनेच विधिमंडळात सांगितलं. लाल रंगाच्या बाहेर राहणाऱ्या माणसाला नकाशा ‘झोप निवांत’ असं सांगतो. नकाशा करणाऱ्याच्या मनात तसं नसतं, पण वाचला जातो तसाच.

मग प्राध्यापक हे का करत नाहीत? आळशी आहेत म्हणून? तसं म्हणणं अन्यायाचं होईल. विद्यापीठ अनुदान आयोगाची २०१८ ची नियमावली काढून बघा. निबंध वाचण्याचे गुण ठरलेले आहेत. परदेशातली आंतरराष्ट्रीय परिषद असेल तर ७, देशातली आंतरराष्ट्रीय असेल तर ५, राष्ट्रीय ३, राज्य किंवा विद्यापीठ पातळीवरची २. ग्रामसभेचा रकाना नाही. म्हणजे पाण्यापासून जितकं लांब जाऊन वाचाल तितके गुण जास्त! माधव गाडगीळांच्या समितीचा पश्चिम घाटाचा अहवाल २०११ चा. तो मराठीतून गावागावांत जावा, ग्रामसभांनी त्यावर बोलावं, हा त्यांचा आग्रह होता. अहवालाच्या बाजूनं आणि विरुद्ध चर्चासत्रं भरपूर झाली. ग्रामसभा किती झाल्या, हे ज्यानं त्यानं आपल्या तालुक्यात विचारून पाहावं.

आणि या मुलखात पाण्यावर परिषद कशी भरवावी, याचा दाखला शोधायला लांब जायचं कारणच नाही. महाडला १९ आणि २० मार्च १९२७ ला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. अध्यक्ष डॉ. आंबेडकर. कागद तेव्हाही होता. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले असावेत हा बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदे मंडळात ऑगस्ट १९२३ मध्येच झाला होता, आणि महाड नगरपालिकेनं १९२४ मध्ये त्याप्रमाणे तळं खुलं केल्याचा ठरावही केला होता. ठराव दोन, आणि तळ्यावर अस्पृश्याला पाऊल टाकता येत नव्हतं. परिषदेत भाषणं झाली, ठराव झाले, आभाराची वेळ आली. आभार मानायला उठलेल्या अनंतराव चित्र्यांनी सुचवलं की, एक काम राहिलंय, ते केल्याशिवाय परिषद संपवू नये. आणि हजारो प्रतिनिधी मिरवणुकीनं चवदार तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. पुढं मारहाण झाली, तळ्याचं ‘शुद्धीकरण’ झालं, खटला चालला, उच्च न्यायालयाचा निकाल लागायला मार्च १९३७ उजाडला. एका ओंजळीला दहा वर्षं लागली.

ही तुलना कुणाला चढी वाटेल. तो मानवी हक्कांचा लढा होता, चर्चासत्र हे चर्चासत्र. मान्य. आम्ही बरोबरी करत नाही. आम्ही फक्त आभारप्रदर्शनाकडे बोट दाखवतो आहोत. आपल्याकडे त्यानंतर जेवण असतं.

न्यायासाठी दुसरी बाजूही सांगतो. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा वर्षातून चारदा निरीक्षण विहिरींची पातळी मोजते, वर्षानुवर्षं, गाजावाजा न करता. पुण्याच्या अ‍ॅक्वाडॅमनं गावकऱ्यांना आपल्या झऱ्याखालचा खडक वाचायला शिकवलं. जुलैत वाहून जाणाऱ्या याच तालुक्यांतल्या वाड्यांना एप्रिल-मेमध्ये टँकरची वाट बघावी लागते. बसाल्टात पाणी फार साठत नाही आणि उतारावर ते थांबत नाही. तिथं असली कामं कुठल्याही बीजभाषणापेक्षा मोलाची आहेत. त्यांच्यावर परिषदा फारशा होत नाहीत, कारण त्यांत नवं शीर्षक सापडत नाही.

तुमच्यापैकी बरेच जण विद्यार्थी आहात, काही शिक्षक. पुढच्या चर्चासत्राच्या नोंदणी अर्जात आम्ही एकच रकाना वाढवायला सांगू: हा निबंध ज्या गावावर आहे तिथं तो कधी, कुणासमोर वाचला? तारीख लिहा. रिकामा राहिला तर राहू द्या, पण रकाना असू द्या.

ते गृहस्थ पुन्हा भेटले नाहीत. त्यांच्या मुलीचा निबंध मात्र आमच्याकडे आहे, संचिकेत शेवटी छापलेला. त्यात वाडीवरच्या तीन दरडींच्या तारखा आहेत, आजीला विचारून लिहिलेल्या. संदर्भसूचीत आजीचं नाव घातलं होतं. संपादकांनी काढलं.

आता प्रश्न घेऊ.