लव्हाळ्याची उपमा कोठे अपुरी पडते?

कर्करोगातील मूलपेशी समजावून सांगताना लेखांतून व व्याख्यानांतून बहुधा तणाची उपमा दिली जाते. दुसरबीडच्या वर्गात ती लगेच पटेल. लव्हाळा वरून खुरपला तरी जमिनीतल्या कंदातून पुन्हा फुटतो. तसेच औषधाने अर्बुद आक्रसले तरी मूलपेशींसारख्या मूठभर पेशी उरतात आणि रोग उलटतो. पुण्याच्या नॅशनल सेंटर फॉर सेल सायन्समध्ये शर्मिला बापट व सहकाऱ्यांनी २००५ साली अंडाशयाच्या कर्करोगात अशा पेशी दाखवल्या.

इथवर उपमा ठीक. आमचा आक्षेप पुढे आहे. कंद आहे म्हणजे तण येणारच, असा समज तिच्यातून होतो. यकृताचा कर्करोग वेगळे सांगतो. तो बहुतेक वेळा वर्षानुवर्षे दाह सोसलेल्या यकृतात होतो. कारण हिपॅटायटिस बी वा सी, दारू किंवा यकृतात साठलेली चरबी. इजा झालेल्या जागी जमलेल्या भक्षक पेशी इंटरल्यूकिन-६ हे प्रथिन सोडतात. त्याचा निरोप पोचला की यकृतपेशीतील स्टॅट-३ हे प्रथिन केंद्रकात जाऊन पेशी जगवणारी व वाढवणारी जनुके चालू करते. जखम भरण्यासाठी हा निरोप हवाच. मात्र दाह थांबला नाही तर निरोपही थांबत नाही आणि पेशींचे मूलपेशीपण टिकून राहते.

अमेरिकेत सॅन दिएगो येथील मायकेल करिन यांच्या गटाने २०१३ साली उंदरांच्या यकृतातून कर्करोगाच्या पूर्वज पेशी वेगळ्या केल्या. दुसऱ्या उंदरांत सोडल्यावर त्यांनी अर्बुदे केली, पण सतत इजा होत असलेल्या यकृतातच. म्हणजे कंदाइतकीच जमीनही महत्त्वाची! परंतु याच पेशी स्वतःही इंटरल्यूकिन-६ बनवतात, असेही आढळले. आपले खत आपणच तयार करणारा लव्हाळा कोणत्या शेतात उगवतो? येथे उपमा संपते.

हा केवळ शब्दांचा वाद नव्हे. रोग 'बियाण्यातच' आहे असे मनात ठसले, की प्रतिबंधाचा विचारच मागे पडतो. इंटरल्यूकिन-६ सरसकट बंद करणेही सोपे नाही, कारण यकृताच्या भरपाईला ते लागते. मग दाहाचे कारणच टाळणे शहाणपणाचे. हिपॅटायटिस बीची लस २०११ पासून देशभरच्या लसीकरण कार्यक्रमात आहे. तिची पहिली मात्रा जन्मानंतर २४ तासांच्या आत द्यायची असते.

शिक्षकांनी लव्हाळा जरूर वापरावा. मात्र तो कोठे लागू पडत नाही, हे मुलांनाच शोधू द्यावे.