श्रद्धेचा घरखर्च : ‘स्मृतिचित्रे’ पुन्हा वाचताना

लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’विषयी मराठीत जेवढे प्रेमाने लिहिले गेले, तेवढे चिकित्सेने लिहिले गेले नाही. निर्व्याज, प्रांजळ, विनोदी, घरगुती ही विशेषणे इतकी रूढ झाली आहेत की त्यांच्याखाली पुस्तकातला एक मोठा प्रश्न झाकला गेला. धर्म बदलला म्हणजे माणसाचा रोजचा दिवस नेमका कुठे बदलतो? पाणी कोणाच्या हातचे चालते, चुलीवर कोणाचे भांडे चढते, पंगतीला कोण बसते, महिन्याचा खर्च कशातून भागतो? लक्ष्मीबाई श्रद्धेची पारख या ठिकाणी करतात, आणि म्हणून मराठी ख्रिस्ती वाङ्मयात हे पुस्तक वेगळे उभे राहते, असे माझे म्हणणे आहे.

त्याआधीची परंपरा पाहिली तर फरक लक्षात येतो. बाबा पदमनजींचे ‘अरुणोदय’ हे आत्मचरित्र मुख्यतः विचारांच्या प्रवासाचे आहे. वाचन, वाद, शंका, मनाची तगमग आणि १८५४ मध्ये बाप्तिस्मा. तिथे धर्मांतर हा कळस आहे. पदमनजी प्रामाणिक आहेत, पण दुसऱ्या दिवशी सकाळी उठून ख्रिस्ती माणसाने काय करायचे, हा त्यांच्या निवेदनाचा मुख्य विषय नाही. नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. ‘स्मृतिचित्रे’त मात्र ही घटना कळस ठरत नाही. खरी गोष्ट तिथून पुढे सुरू होते, आणि ती सांगते मागे राहिलेली बायको.

लक्ष्मीबाईंनी माहेरच्या सोवळ्याचे जे चित्र रेखाटले आहे ते केवळ हसण्यासाठी वाचले जाते. बाजारातून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात न घेणारे वडील, आणि त्यापायी पिळून निघालेले घर. पण या सोवळ्यामागे १८५७नंतरच्या फाशीचा कौटुंबिक धक्का आहे, हेही त्या सांगतात. भीतीने आचाराचे रूप घेतले आणि त्या आचाराचे सगळे श्रम बायकामुलांच्या वाट्याला आले. धर्म म्हणजे कोणीतरी उपसायचे पाणी, हा धडा लेखिकेला लहानपणीच मिळाला. पुढे नव्या धर्माकडे त्या याच नजरेने पाहतात.

म्हणूनच त्यांचे परिवर्तन सावकाश होते. ताटातुटीनंतर नवऱ्याजवळ येऊनही त्या आपला स्वयंपाक वेगळा ठेवतात. जात देवाने केली की माणसाने, याचा विचार त्या स्वतःच्या बुद्धीने करतात, आणि निर्णय झाल्यावर तो आधी खाण्यापिण्यात उतरतो. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० मध्ये. क्रम लक्षात घेण्यासारखा आहे. चूल आधी बदलली, मंडळीतले नाव नंतर. धर्मशास्त्राच्या एखाद्या पंडिताला हा क्रम उलटा वाटेल. मला तो अधिक विश्वासार्ह वाटतो. पिढ्यान्‌पिढ्यांची शिवाशिव ज्या हाताने पाळली त्याच हाताने ती मोडणे हे कोणत्याही कबुलीपेक्षा अवघड काम आहे.

आता टिळकांकडे येऊ. ते कवी, उदार, तापट, हातचे राखून न ठेवणारे. दारी आलेल्याला देऊन टाकणे हा त्यांच्या श्रद्धेचा सहज उद्गार होता. आयुष्याच्या अखेरच्या पर्वात त्यांनी मिशनची चाकरी सोडून ‘देवाचा दरबार’ उभारायला घेतला. चरित्रकार याला त्याग म्हणतात, आणि तो त्याग होताच. पण त्या त्यागाचा जमाखर्च ‘स्मृतिचित्रे’त दुसऱ्याच वहीत मांडलेला आहे. नवऱ्याने दान केले की डब्यात काय उरले हे बायकोला पाहावे लागते. लक्ष्मीबाईंचा विनोद इथे कामाला येतो. त्या तक्रार करत नाहीत, नवऱ्याला लहानही करत नाहीत. फक्त प्रसंग सांगतात आणि आकडा आपल्यासमोर ठेवतात. या आठवणींची सुरुवात टिळकांच्या चरित्राला साधन म्हणून झाली होती, हे ध्यानात घेतले तर या हिशेबाचे धाडस कळते.

पण हे पुस्तक म्हणजे सोसलेल्या पत्नीची कैफियत एवढेच म्हणता येणार नाही. प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा, परक्या मुलांना घरात घेणे, आणि टिळकांच्या मृत्यूनंतर (१९१९) अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ पूर्ण करणे, ही कामे त्यांनी अंगावर घेतली. जेमतेम अक्षरओळख असलेल्या बाईने महाकाव्य पुरे करायला बसावे, यात मला भक्तीइतकीच घरातले अर्धवट काम न टाकण्याची सवय दिसते.

याच काळात पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती सदनात श्रम आणि श्रद्धा यांची संस्थात्मक सांगड घातली होती. शेती, विणकाम, तेलाचा घाणा, छापखाना. बायबलचे भाषांतर रमाबाईंनी केले आणि छापखान्याचे काम तिथल्या बायकांनी केले. रमाबाईंकडे कामाला शिस्त आणि योजना आहे. लक्ष्मीबाईंकडे काम अंगावर येऊन पडते. सामान्य माणसाचा दिवस या दुसऱ्या प्रकारचा असतो, म्हणून वाचकाला लक्ष्मीबाई जवळच्या वाटतात.

तरीही या पुस्तकाची एक मर्यादा स्पष्ट सांगायला हवी. अहमदनगर परिसरात ख्रिस्ती झालेल्यांत बहुसंख्य महार आणि मांग समाजांतले होते. त्यांच्यासाठी नवा धर्म आणि रोजचे काम यांचा संबंध सोवळे सोडण्याशी नव्हता. गावकीची वेठ, बलुत्याचा वाटा, पाणवठ्याची बंदी हे त्यांचे प्रश्न. ब्राह्मण घरातून आलेली व्यक्ती जे टाकून देते ते त्यांच्याकडे मुळात नव्हते. लक्ष्मीबाईंच्या घरात ही माणसे येतात, जेवतात, माया मिळवतात; पण त्यांचा स्वतःचा हिशेब त्यांच्या तोंडून आपल्याला फारसा ऐकू येत नाही. हा दोष एकट्या लेखिकेचा नाही. मराठी ख्रिस्ती साहित्याचा इतिहास लिहिताना आपण पदमनजी, रमाबाई, टिळक अशा सुशिक्षित नावांभोवतीच फिरत राहिलो.

‘स्मृतिचित्रे’ने यावरचा उपायही नकळत सुचवला आहे. श्रद्धा मोजायची तर उपदेशाच्या वहीत न पाहता घरखर्चाच्या वहीत पाहावी, हा तिचा मार्ग. तोच घेऊन शाळामास्तर, परिचारिका, बायबल-बाया, शेतमजूर यांच्या कामाचे दिवस कोणी वाचायला घेतले, तर मराठी ख्रिस्ती जीवनाचे चित्र बरेच बदलेल. आणि लक्ष्मीबाईंना वाहिलेली आदरांजली म्हणून नव्या विशेषणापेक्षा ते काम अधिक शोभेल.