मे महिन्याचा जेट, जानेवारीची हवा

जालना जिल्ह्यात टू-स्ट्रोक इंजिनाचा आवाज आता रस्त्यापेक्षा कपाशीत आणि मोसंबीच्या बागेत जास्त ऐकू येतो. पाठीवरच्या पेट्रोल फवारणी पंपात तेच इंजिन आहे. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायचं आणि कार्बोरेटरच्या भरवशावर चालवायचं. रस्त्यावरच्या राजदूत, येझदी आणि आरएक्स हंड्रेड मात्र मोजक्या उरल्या. अडीचशे-तीनशे सीसीच्या परदेशी डर्ट बाइक तर पुण्या-मुंबईच्या रेसरांकडेच दिसतात. तरीही या सगळ्या यंत्रांचा कार्बोरेटर ज्या हातांना कळतो, ते हात एकाच घराण्यातले आहेत. मराठवाड्यात या कारागिरीचा दर्जा आज काय आहे, हे कुणीतरी नीट तपासायला हवं. ती झपाट्याने विरतेय आणि तिच्यातलं उत्तम काय, तोकडं काय, याची नोंद अजून कुणी ठेवलेली नाही.

ही कारागिरी घडली ती १९८० नंतरच्या दशकात. १९८३ मध्ये एस्कॉर्ट्सने राजदूत ३५० आणली, १९८५ मध्ये आरएक्स १०० आली, म्हैसूरची येझदी त्याआधीपासून होतीच. जालन्याचा वेगळा जिल्हा झाला १९८१ मध्ये, म्हणजे जिल्हा आणि इथली मिस्त्रींची ही पिढी बरोबरीनेच वाढली. राजदूत ३५० ला दोन सिलिंडर आणि दोन कार्बोरेटर. रेस दिल्यावर दोन्हींच्या स्लाइड, म्हणजे हवेची वाट उघडणाऱ्या सरकत्या झडपा, एकाच क्षणी उचलल्या पाहिजेत, नाहीतर एक सिलिंडर दुसऱ्याला ओढत नेतो. चांगला मिस्त्री दोन्ही स्लाइडवर एकेक बोट टेकवून रेसची केबल हळूहळू ओढायचा आणि कुठलं बोट आधी हललं ते सांगायचा. कुठल्या पुस्तकातून शिकलेलं हे कसब नव्हतं.

कानाचं कसब त्याहून मोठं. प्लग काळा आणि ओला, गाडी खालच्या रेसला अडखळते, मागून निळा धूर, म्हणजे पेट्रोल जास्त जातंय. रेस सोडली तरी इंजिन पटकन खाली बसत नाही, वरच लोंबकळतं, म्हणजे गाडी हवा घेतेय. मग आधी कार्बोरेटर आणि सिलिंडर यांच्यामधलं रबर तपासायचं, ते फाटलंय का बघायचं, आणि मगच स्क्रूला हात लावायचा. हा क्रम अनेक शिकलेल्या तंत्रज्ञांनाही पाळता येत नाही. इथल्या चांगल्या मिस्त्रींनी तो पाळला. या परंपरेतली ही सर्वांत मोलाची गोष्ट आहे, असं मी मानतो.

तोकडेपण सुरू होतं ते गाडी स्टँडवर असते तिथे. स्टँडवर केलेलं ट्यूनिंग म्हणजे कार्बोरेटरच्या फक्त एका कोपऱ्याचं ट्यूनिंग. जेट म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारं बारीक भोक. रेस बंद असल्यापासून पाव उघडेपर्यंत स्लो जेट आणि एअर स्क्रूचं राज्य असतं. पावपासून पाऊणपर्यंत नीडलचं, म्हणजे तिची जाडी आणि लॉक कितव्या खाचेत आहे त्याचं. त्याच्या सुरुवातीच्या भागात स्लाइडचा खालचा काप किती तिरका आहे यालाही महत्त्व असतं. पाऊणच्या पुढे मेन जेट. आयडलला गोड वाजणारी गाडी हायवेवर पाच मिनिटं पूर्ण रेसला चालवली की पिस्टन जाम होतो, आणि दोष ऑइलवर जातो. खरा दोष असतो तो कुणी कधी न तपासलेल्या मेन जेटचा. फवारणी पंपाचंही तेच. शेतात तो तासन्तास पूर्ण रेसला चालतो, पण दुरुस्तीला आला की मंद रेसवर ऐकून परत जातो.

पेट्रोलमध्येच ऑइल मिसळून चालणाऱ्या टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल फक्त जळत नाही. तेच ऑइल वाहून नेतं, आत शिरताना इंजिन थंडही करतं. म्हणून मिश्रण विरळ झालं की उष्णता वाढते आणि वंगण घटतं, दोन्ही एकाच वेळी. इंजिन मोठं असेल तर चूक आणखी महाग पडते. आरएक्स १०० चा पिस्टन ५० मिलिमीटर व्यासाचा, तीनशे सीसीच्या केटीएम डर्ट बाइकचा ७२, आणि २००१ पर्यंत बनलेल्या होंडा सीआर ५०० चा ८९. पिस्टनच्या माथ्याचं क्षेत्रफळ आरएक्सच्या तुलनेत अनुक्रमे दुप्पट आणि तिपटीहून जास्त. तेवढी उष्णता माथ्याच्या मध्यापासून कडेच्या रिंगांपर्यंत पोचून सिलिंडरच्या भिंतीत जायची, तीही लांबच्या वाटेने. आरएक्स दोनदा कुरकुरून सांभाळून घेते. मोठी डर्ट बाइक इशारा देते न देते तोच मागचं चाक अडकतं. घाट उतरताना रेस बंद ठेवून इंजिनावर गाडी रोखली तर ऑइलही जवळपास बंद होतं. येझदीवाले उतारावर मधूनमधून रेस द्यायचे ते यासाठीच.

आता हवामान. जालना समुद्रसपाटीपासून सुमारे पाचशे मीटरवर आहे, पुणे आणि नाशिक त्याहून थोडे वर. त्यामुळे पुण्याच्या ट्रॅकवर बसवलेला जेटचा आकडा उंचीच्या हिशेबाने इथे चालतो. फसवतो तो पारा. मेमधली दुपार बेचाळीसची, जानेवारीतली पहाट दहाच्या आसपासची. या दोन्हीमध्ये हवेच्या घनतेत सुमारे दहा टक्क्यांचा फरक पडतो, आणि कार्बोरेटरच्या गणितात तो वर्गमुळाने उतरतो. म्हणजे मे महिन्यात मिश्रण जानेवारीपेक्षा पाच-सहा टक्के दाट. मिकुनी आणि केहीन या कार्बोरेटर बनवणाऱ्या कंपन्या. मिकुनीच्या षटकोनी जेटचा आकडा पेट्रोलच्या प्रवाहाप्रमाणे असतो, म्हणून जानेवारीतल्या १६० ऐवजी मेमध्ये १५० लागेल. केहीनचा आकडा भोकाच्या व्यासावरून असतो, तिथे १६० चा १५५ केला तरी पुरतो. 'अमक्या गाडीला एकशेसाठ टाक' असा आकडा एका गॅरेजमधून दुसऱ्यात जातो, पण जेट मिकुनीचा की केहीनचा आणि महिना कुठला, हे त्याच्याबरोबर जात नाही.

या सगळ्यावर इथेनॉलने कडी केली आहे. अंबड-घनसावंगीच्या पट्ट्यात ऊस पिकतो, राज्यभरच्या उसाचं इथेनॉल पेट्रोलमध्ये मिसळलं जातं, आणि आता पेट्रोल पंपावर मिळतं ते वीस टक्के मिश्रणाचं. इथेनॉलच्या रेणूत ऑक्सिजन आधीच असल्यामुळे तेवढ्याच हवेला इंधन जास्त लागतं. निव्वळ पेट्रोलवर ठरलेला १९८५ चा जेट या इंधनावर साधारण आठ टक्के विरळ पडतो. मे महिन्यात उष्णता त्यातला काही भाग झाकते आणि गाडी बरी चालते. जानेवारीत थंड हवा त्यात भर घालते. म्हणून उन्हाळाभर न कुरकुरलेली जुनी टू-स्ट्रोक हिवाळ्यात सकाळी रिकाम्या रस्त्यावर पूर्ण रेसला जाम होते, आणि पेट्रोलमध्ये भेसळ होती असं म्हटलं जातं. इथेनॉल पाणी शोषून घेतं, म्हणून टाकीत पेट्रोल ठेवून दोन-दोन महिने पडून राहिलेल्या फवारणी पंपाचा कार्बोरेटर आतून पांढरा होतो. त्याहून एक बारीक गोष्ट क्वचितच बोलली जाते. विरळपणाच्या भीतीने ऑइल वाढवलं तर तेवढ्या मापात पेट्रोल कमी होतं आणि मिश्रण आणखी विरळ होतं. ऑइल वाढवायचं तर जेटही वाढवायला हवा.

प्लगच्या रंगावरचा विश्वासही पुन्हा तपासायला हवा. बिस्कीट रंग म्हणजे ट्यूनिंग बरोबर, हा धडा शिशाच्या पेट्रोलच्या काळातला. २००० मध्ये देशभर शिसं गेलं आणि ती खूण पुसट झाली. आज रंग वाचायचा तर नवा प्लग घालावा, गाडी पूर्ण रेसला नेऊन तिथेच क्लच दाबून स्विच बंद करावा आणि चिनी मातीच्या अगदी बुडाशी दिसणारं कडं बघावं. आठवडाभर चाललेल्या प्लगच्या टोकाचा रंग फारसं काही सांगत नाही.

पिकअप वाढावा म्हणून फिल्टर काढून टाकणं, सायलेन्सर बदलून जेट तोच ठेवणं, तारेने जेटचं भोक वाढवणं, या सवयींबद्दल मला सहानुभूती नाही. काळ्या मातीची उन्हाळी धूळ सिलिंडर घासून टाकते. तारेने कोरलेल्या जेटचा आकडा तर कायमचा खोटा होतो, पुढच्या मिस्त्रीचीही तो दिशाभूल करतो.

२०१७ मध्ये केटीएमने टू-स्ट्रोक एंड्युरो बाइकला कार्बोरेटरऐवजी इंधन इंजेक्शन दिलं, तेव्हा ही विद्या संपली असं अनेकांना वाटलं. यामाहाची वायझेड २५० मात्र अजून केहीनच्या कार्बोरेटरवरच धावते. जानेवारी २०२४ मध्ये पुण्यात इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगची पहिली फेरी झाली, आणि मोटोक्रॉसच्या ८५ सीसी गटात उतरणारी मुलं आजही कार्बोरेटरच्या टू-स्ट्रोकवरच शिकतात. त्यांच्या गाड्या कोण बसवतो? बहुतेक ठिकाणी आयात केलेल्या तक्त्यावरचा आकडा. मराठी मिस्त्रीचा कान तिथे पोचत नाही, आणि तो तक्ता इथल्या गॅरेजपर्यंत येत नाही.

काम फार अवघड नाही. आयटीआयच्या दुचाकी दुरुस्तीच्या वर्गात एक फवारणी पंप आणि एक आरएक्स ठेवावी. रेसच्या मुठीवर पाव, अर्धा, पाऊण अशा पट्टीच्या खुणा कराव्यात आणि प्रत्येक खुणेवर गाडी चालवून मुलांना ऐकायला लावावं. गॅरेजमध्ये एक वही असावी. तारीख, पारा, जेटचा आकडा आणि तो कुठल्या कंपनीचा, नीडलची खाच, एअर स्क्रूचे फेरे, ऑइलचं माप, प्लगचं कडं. पहिली नोंद जानेवारीत पहाटे घ्यावी आणि मेन जेट मूळ आकड्यापेक्षा दोन पायऱ्या मोठा घालून सुरुवात करावी. वरच्या रेसला गाडी अडखळली तर एकेक पायरी खाली यावं. लहान जेटपासून वर चढत जाऊ नये, कारण त्या वाटेत पिस्टन जातो.