जनादेश म्हणाल तर दंड

७ सप्टेंबर २०१०ची दुपार, कॅनबेरा. ऑस्ट्रेलियात निवडणूक होऊन सतरा दिवस झालेत आणि देशाला अजून सरकार नाही. पत्रकारांसमोर दोन अपक्ष खासदार आहेत. टोनी विंडसर आधी बोलतात. आपला पाठिंबा ज्युलिया गिलार्ड यांच्या मजूर पक्षाला आहे हे सांगतात, कारणं सांगतात, थांबतात. मग रॉब ओकशॉट सुरू करतात. ते बोलत राहतात, आणि सुमारे सतरा मिनिटं निर्णय काही सांगत नाहीत.

या सतरा मिनिटांची तिथे भरपूर टिंगल झाली. कॅमेरा मिळाला म्हणून लांबवलं, एवढाच बहुतेकांचा निष्कर्ष. मी ते भाषण पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मलाही तसंच वाटलं होतं, मध्ये दोनदा पुढे ढकललं. पण अपक्षाच्या हातात सत्तेचा काटा असतो तेव्हा तो जगाला काय सांगतो, याचा इतका उघडा नमुना दुसरा सापडणं कठीण आहे. म्हणून ते एखादा लेख वाचावा तसं नीट वाचू.

आधी गणित. १५० जागांच्या प्रतिनिधीगृहात मजूर पक्ष ७२, लिबरल-नॅशनल आघाडी ७२. शिवाय पश्चिम ऑस्ट्रेलियाचा एक नॅशनल खासदार, जो कुळाने आघाडीचा पण बसणार वेगळा. एक ग्रीन. चार अपक्ष. बहुमताला ७६ हवेत. ग्रीन पक्षाचे अ‍ॅडम बँट आणि टास्मानियाचे अपक्ष अँड्र्यू विल्की आधीच मजूर पक्षासोबत गेले होते, म्हणजे तिकडे ७४. तिसरे अपक्ष बॉब कॅटर त्याच दुपारी थोडं आधी टोनी अ‍ॅबट यांच्या आघाडीकडे गेले. पश्चिम ऑस्ट्रेलियावाल्याला धरलं तर इकडेही ७४. मग विंडसर बोलले आणि मजूर पक्ष ७५ वर गेला.

आता बघा, ओकशॉट यांच्यासाठी काय उरलं? गिलार्ड की अ‍ॅबट हा प्रश्न उरलाच नव्हता. ७६ विरुद्ध ७४, की ७५ विरुद्ध ७५, एवढाच उरला होता. ते अ‍ॅबट यांच्याकडे गेले असते तर अ‍ॅबट पंतप्रधान झाले नसते. देश बरोबरीत अडकला असता. म्हणजे सतरा मिनिटांचा तो सस्पेन्स बराचसा पोकळ होता. घोषणा म्हणून हे भाषण फसलेलं आहे यात वाद नाही. पण मग त्यात आहे काय?

त्यात एक माणूस आपल्याला अधिकार कुठून मिळाला हे शोधतोय. दोन्ही बाजू इतक्या जवळजवळ आहेत की निवड कशीही करता आली असती, हे तो कबूल करतो. आणि मग भाषणातली सगळ्यात चांगली जागा येते: या निवडणुकीत कोणालाच जनादेश मिळालेला नाही, तेव्हा पुढची तीन वर्षं संसदेत एक मोठी बरणी ठेवावी आणि जो कोणी ‘जनादेश’ हा शब्द उच्चारेल त्याने तिच्यात पैसे टाकावेत. शिवी दिली की मुलांना दंड करतात ना, तसा.

विनोद म्हणून हे सोडून देता येत नाही. निकाल लागल्यावर आपल्याकडे सगळ्यात जास्त वापरला जाणारा शब्द हाच. २०१९च्या विधानसभा निकालानंतर महाराष्ट्रात प्रत्येक पक्षाकडे आपापला जनादेश होता. ती बरणी मंत्रालयाच्या दारात ठेवली असती तर राज्याचं कर्ज थोडं तरी फिटलं असतं. कोणालाच बहुमत न देणाऱ्या निकालाचं एक सरळ वाक्य होत नाही. ओकशॉट यांचं भाषण लांबतं, भरकटतं, स्वतःलाच ओलांडून पुढे जातं, कारण त्या निकालाचं सरळ वाक्य करायला ते तयार नाहीत. शेवटाकडे ते म्हणतात की हे सरकार कुरूप असेल, पण त्या कुरूपतेतच सुंदर असेल. मला हे वाक्य आवडत नाही. जरा जास्तच सजवलेलं आहे. बरणी पुरेशी होती.

विंडसर यांचं बोलणं याच्या उलट. त्यांच्या दोन कारणांपैकी एक ब्रॉडबँड. मजूर पक्ष देशभर घराघरात फायबर नेणार होता; आघाडीची योजना स्वस्तातली, अनेक तंत्रांची मिसळ. विंडसर यांचा मतदारसंघ न्यू इंग्लंड म्हणजे सिडनीच्या उत्तरेकडचा शेतीवाडीचा, लांबलांब अंतरांचा मुलूख. ते म्हणाले, एकदाच करा, नीट करा आणि फायबरनेच करा. आमच्या धंद्यात एका वाक्यात इतकी स्वच्छ रिक्वायरमेंट मिळाली तर लोक प्रिंट काढून भिंतीवर लावतील.

दुसरं कारण मात्र खरं राजकीय, आणि ते उघड बोलणं धाडसाचं. त्यांचा हिशेब असा: पुन्हा निवडणूक झाली तर अ‍ॅबट जिंकण्याची शक्यता जास्त, म्हणून अ‍ॅबट यांना लवकर निवडणूक घ्यायचा मोह होईल. मजूर पक्ष हरायला घाबरेल, म्हणून तो टिकेल. म्हणजे जो दुबळा त्याला पाठिंबा, कारण दुबळाच तीन वर्षं अपक्षांचं ऐकेल. सत्तेचा काटा हातात असलेल्या माणसाची खरी समजूत ही. ती प्रत्येकाला असते, पण पत्रकारांसमोर कोण सांगतो? मजूर पक्ष चांगला आहे असं विंडसर म्हणत नाहीत. तो अडकलेला आहे एवढंच म्हणतात.

आणि हे म्हणण्याची किंमत त्यांना नक्कीच ठाऊक होती. विंडसर, ओकशॉट, कॅटर हे तिघेही मूळचे नॅशनल पक्षाचे, म्हणजे ग्रामीण उजव्या राजकारणातून बाहेर पडलेले. विंडसर यांच्या न्यू इंग्लंडमध्ये आणि ओकशॉट यांच्या लाइनमध्ये (हे मतदारसंघाचं नाव, रांग नव्हे) मजूर पक्षाला त्या निवडणुकीत अगदी थोडी मतं पडली होती. विंडसर यांच्यासाठी ही भूमिका नवीनही नव्हती. १९९१ मध्ये न्यू साउथ वेल्सच्या विधानसभेतही असंच त्रिशंकू सभागृह आलं होतं, आणि तेव्हा त्यांनी लिबरल पक्षाच्या निक ग्रायनर यांना पाठिंबा दिला होता. पुढच्या वर्षी भ्रष्टाचारविरोधी आयोगाचा निष्कर्ष आला, दुसऱ्या तीन अपक्षांनी आग्रह धरला आणि ग्रायनर यांना जावं लागलं. अपक्षांचा पाठिंबा किती टिकतो हे विंडसर यांनी जवळून पाहिलेलं होतं.

त्या सतरा दिवसांतली मला सगळ्यात मोलाची वाटणारी गोष्ट भाषणांच्या आधीची आहे. अपक्षांनी दोन्ही पक्षांना सांगितलं की तुमच्या आश्वासनांचा खर्च अर्थखात्याच्या अधिकाऱ्यांकडून तपासून द्या. आघाडीने सुरुवातीला कां-कू केलं, मग दिलं. तपासणीत त्यांच्या आकड्यांत ७ ते ११ अब्ज डॉलरचं भगदाड निघालं. निवडणुकीआधी सगळ्या देशाला जे कळलं नव्हतं ते तीन माणसांनी एका पत्राने काढून घेतलं. यातूनच पुढे २०१२ मध्ये संसदेचं स्वतंत्र अर्थसंकल्प कार्यालय उभं राहिलं. त्यामुळे आज विरोधी पक्षालाही आपल्या घोषणेचा खर्च तटस्थ अधिकाऱ्यांकडून काढून घेता येतो.

पाठिंब्याचे करारही लेखी झाले, सह्या झाल्या, जाहीर झाले. प्रश्नोत्तराच्या तासात प्रश्न ४५ सेकंदांचा आणि उत्तर ४ मिनिटांचं, इतक्या बारकाव्यांपर्यंत. (तीन वर्षांत तिथल्या मंत्र्यांनी ४ मिनिटांतही काहीच न सांगण्याची कला साधली, ते वेगळं.)

आपल्याकडे अपक्ष म्हटलं की आधी डोळ्यांसमोर येते रिसॉर्टकडे निघालेली लक्झरी बस. त्यात अन्यायही आहे. १९९५ मध्ये महाराष्ट्र विधानसभेत ४५ अपक्ष निवडून आले. २८८ जणांच्या सभागृहात शिवसेना-भाजप युतीकडे १३८ जागा होत्या आणि सरकार अपक्षांच्या जोरावर बसलं. त्यातले अनेक काँग्रेसचे बंडखोर, आणि पश्चिम महाराष्ट्रातल्या कित्येकांचा प्रश्न पाण्याचा होता. कृष्णेचं वाट्याचं पाणी २०००च्या आत अडवायचं होतं, आणि १९९६ मध्ये महाराष्ट्र कृष्णा खोरे विकास महामंडळ स्थापन झालं. विंडसर यांना जे फायबर, ते यांना पाणी. पण त्या अपक्षांची आठवण निघते ती कोणाला कोणतं मंत्रिपद मिळालं याचीच. मागणी कागदावर लोकांसमोर नसली की मागे फक्त मंत्रिपदं दिसतात. गिलार्ड यांनी ओकशॉट यांना मंत्रिपद देऊ केलं होतं आणि त्यांनी ते नाकारलं, हे म्हणूनच महत्त्वाचं. मग ते सभापतिपदाच्या मागे लागले आणि नंतर माघारही घेतली, हेही नमूद करायला हवं. माणूस संत नव्हता.

इथपर्यंत वाचून वाटेल की कागद असला की झालं. मलाही तसं वाटायचं. लेखी स्पेसिफिकेशन असलं की अर्धी भांडणं मिटतात यावर माझी नोकरी चालते. पण मग विल्की यांचं काय झालं ते बघा.

अँड्र्यू विल्की हे गुप्तचर विश्लेषक. इराक युद्धाच्या निषेधार्थ २००३ मध्ये त्यांनी राजीनामा दिला होता. होबार्टच्या रुग्णालयासाठी अ‍ॅबट त्यांना १ अब्ज डॉलर देत होते, गिलार्ड ३४ कोटी. विल्की यांनी मोठी रक्कम बेजबाबदार म्हणून नाकारली आणि छोटी घेतली. घोडेबाजाराच्या आपल्या सगळ्या कल्पना इथे कोलमडतात. त्यांची खरी अट जुगाराच्या यंत्रांबद्दल होती: यंत्रावर बसण्याआधी खेळणाऱ्याने आपण जास्तीत जास्त किती हरणार हे ठरवायचं, आणि ती मर्यादा पाळणं सक्तीचं. गिलार्ड यांनी सही केली. या यंत्रांवर पोसलेल्या क्लबांनी देशभर विरोधाची मोहीम उघडली, मजूर पक्षाचे खासदार घाबरले, तरी करार जिवंत राहिला. कारण विल्की यांचं एक मत हवं होतं.

नोव्हेंबर २०११ मध्ये सभापती हॅरी जेंकिन्स यांनी राजीनामा दिला. ते मजूर पक्षाचे. आता बाकावर परत. त्यांच्या जागी विरोधी आघाडीचेच पीटर स्लिपर सभापती झाले. सभागृहातलं ७५ विरुद्ध ७४ होतं ते ७६ विरुद्ध ७३ झालं. जानेवारी २०१२ मध्ये गिलार्ड यांनी विल्की यांच्याशी केलेला करार बाजूला ठेवला आणि विल्की यांनी पाठिंबा काढला. सरकार पडलं नाही.

करारातलं एकही अक्षर बदललं नव्हतं. एक माणूस एका खुर्चीवरून उठला आणि दुसरा तिथे बसला, एवढंच. विंडसर यांचा तो थंड हिशेब, की अडकलेल्यालाच पाठिंबा द्या, विल्की यांच्या बाबतीत उलटा फिरला. मजूर पक्ष थोडा कमी अडकला आणि कागदाची रद्दी झाली. ओकशॉट यांच्या सतरा मिनिटांत संसद सुधारण्याचं स्वप्न आहे, सर्वसंमती आहे, सौंदर्यसुद्धा आहे. ही शक्यता मात्र नाही. त्या भाषणावर लांबीपेक्षा हा आक्षेप मला मोठा वाटतो. आणि ते भाषण देशाशी बोलतं, पक्षांशी बोलतं, पण लाइनमधल्या ज्या माणसाने अपक्ष म्हणून यांना मत दिलं आणि मजूर पक्षाला कधीच दिलं नसतं, त्याच्याशी फार कमी बोलतं.

दोघांनी शब्द तीन वर्षं पाळला. २०११ मध्ये कार्बनवर किंमत लावणाऱ्या कायद्याला मतं दिली, जो लावणार नाही असं गिलार्ड यांनी निवडणुकीआधी सांगितलं होतं. २०१४ मध्ये अ‍ॅबट सरकारने तो रद्द केला. २६ जून २०१३ रोजी दोघांनी पुन्हा उभं राहणार नसल्याचं जाहीर केलं, आणि त्याच संध्याकाळी गिलार्ड यांचं पंतप्रधानपद त्यांच्याच पक्षाने काढून घेतलं. दोन्ही मतदारसंघ नॅशनल पक्षाकडे परत गेले. फायबरचंही तेच झालं: नव्या सरकारने अनेक ठिकाणी घरापर्यंतचा शेवटचा टप्पा जुन्या तांब्याच्या तारांवर ठेवला, आणि २०२० मध्ये त्याच आघाडीच्या सरकारला अब्जावधी डॉलर मंजूर करून लाखो घरांना फायबर देण्याची योजना जाहीर करावी लागली. एकदाच करा असं विंडसर म्हणाले होते, दोनदा झालं.

२०१६ मध्ये विंडसर न्यू इंग्लंडमधून पुन्हा उभे राहिले आणि हरले. ओकशॉट शेजारच्या काउपरमधून २०१६ आणि २०१९ मध्ये लढले, तेही हरले. २०२२ मध्ये ऑस्ट्रेलियाने तब्बल दहा अपक्ष निवडून दिले, २०१०च्या दुपटीहून जास्त. मजूर पक्षाला मात्र ७७ जागा मिळाल्या. त्यांच्यापैकी कोणालाही सतरा मिनिटं बोलायची वेळ आली नाही.