गांजा आयोगाचा अहवाल : पुरावा आणि मक्ता

‘इंग्रजांच्याच आयोगाने गांजाला निर्दोष ठरवले होते,’ असे कायदेशीर गांजाचे समर्थक हमखास सांगतात. १८९३-९४ च्या हेम्प ड्रग्ज कमिशनचा सात खंडांचा अहवाल मुळातून वाचला तर हे विधान टिकत नाही. माफक सेवनाने सहसा अपाय होत नाही, अतिसेवनाने होतो आणि तरीही संपूर्ण बंदी योग्य नाही, एवढेच आयोगाने म्हटले आहे.

अहवालाचे खरे मोल पुराव्याच्या छाननीत आहे. आयोगाने १,१९३ साक्षीदारांची मते नोंदवली, पण तेवढ्यावर समाधान मानले नाही. गांजाने वेड लागते या समजाला वेड्यांच्या इस्पितळांतील नोंदींचा आधार दिला जाई. आयोगाने १८९२ सालची अशी प्रकरणे एकेक करून तपासली. रुग्णाच्या कागदांवर कारण म्हणून ‘गांजा’ हा शब्द अनेकदा पुरेशी चौकशी न करताच लिहिला गेल्याचे आढळले. आकडा कोणी आणि कशावरून लिहिला, हे विचारण्याची ही शिस्त आजच्या अभ्यासकानेही घ्यावी अशी आहे.

शिफारशींपाशी मात्र ही चिकित्सा सैल पडते. परवान्यानेच लागवड, मोजकी दुकाने, जवळ बाळगण्यावर मर्यादा आणि पुरेसा कर ही सूत्रे आज सार्वजनिक आरोग्याच्या धोरणातही दिसतात. पण त्यांच्यासोबत आयोगाने विक्रीहक्काचा लिलावही उचलून धरला. चढी बोली लावून मक्ता घेणारा ती रक्कम गिऱ्हाइकांकडूनच काढणार, आणि त्यात रोज भरपूर ओढणारा त्याला सर्वांत फायद्याचा. ज्या अतिसेवनाला आयोग घातक म्हणतो, त्यातच विक्रेत्याचे हित गुंतते.

हाच पेच आजही सुटलेला नाही. कोलोरॅडोत २०१४ पासून खासगी दुकाने विक्री करतात आणि कराचा काही भाग शाळांच्या बांधकामाला जातो. उरुग्वेने २०१३ च्या कायद्याने जाहिरातीला मनाई केली. औषधदुकानातून नोंदणीकृत ग्राहकाला महिन्याला ४० ग्रॅमच मिळतो. कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात दुकाने सरकारी कंपनीचीच आहेत. आरोग्याच्या दृष्टीने पुढच्या दोन वाटा मला अधिक सावध वाटतात, कारण खप वाढवण्याच्या धडपडीला तेथे लगाम आहे.

आपल्या १९८५ च्या कायद्यातील गांजाच्या व्याख्येतून पाने वगळली आहेत, म्हणून काही राज्यांत भांगेची परवानाधारक दुकाने आजही चालतात. उद्या कायदा बदलण्याची चर्चा निघाली तर हा जुना अहवाल पुन्हा पुढे केला जाईल. तेव्हा त्यातील वेडाच्या प्रकरणासोबत मक्त्याबद्दलची शिफारसही वाचावी.