'मागचं म्युझिक' : शहाड येथील एका श्रोतृगटाची अभिप्रायभाषा

चित्रपटांविषयी मराठीत जे परीक्षणात्मक लेखन होते, त्यात संगीताचा विचार म्हणजे गाण्यांचा विचार असे समीकरण रूढ झालेले आहे. गाण्यांपलीकडील संगीताची बोळवण बहुधा एका वाक्यात होते. 'पार्श्वसंगीत प्रसंगानुरूप आहे' हे ते वाक्य होय. हे वाक्य खोटे पाडता येत नाही, कारण ते काही सांगतच नाही. शोकप्रसंगी करुण स्वर योजले तर ते प्रसंगानुरूप. मुद्दाम उल्लसित स्वर योजले तर त्या विरोधामुळे तेही प्रसंगानुरूपच. ज्या विधानाच्या विरुद्ध असे काही संभवत नाही, त्यास अभिप्राय म्हणावयाचे कशासाठी, हा प्रश्न प्रस्तुत लेखकास अनेक वर्षे पडत असे. त्याचे थोडेफार उत्तर ग्रंथालयात न मिळता शहाड येथे मिळाले.

शहाड हे मध्य रेल्वेच्या कसारा मार्गावरील कल्याणनंतरचे पहिले स्थानक. उल्हास नदी, सेंच्युरी रेयॉनचा कारखाना आणि बिर्लांनी बांधलेले विठ्ठलमंदिर, एवढ्यावर बाहेरच्या माणसाची ओळख संपते. येथील एका निवृत्त फिटरच्या घरी महिन्यातून दोन रविवारी सात-आठ माणसे जमतात. प्रत्येकाने एक तबकडी, ध्वनिफीत किंवा अलीकडे भ्रमणध्वनीवरील एखादा संच आणावयाचा, तो सर्वांनी ऐकावयाचा आणि मग बोलावयाचे, असा परिपाठ आहे. यजमानांस सर्वजण 'काका' म्हणतात. संगीताचे रीतसर शिक्षण मंडळींपैकी कोणाचेही झालेले नाही. प्रस्तुत लेखक तेथे प्रथम भाषेचा अभ्यासक म्हणून, वही घेऊन गेला. वहीचा संकोच संपावयास चार-पाच बैठका लागल्या.

प्रारंभी एक गोष्ट ध्यानात घेणे अवश्य आहे. पाश्चात्त्य देशांत 'चित्रपटाच्या संगीताची तबकडी' म्हटली की पुष्कळदा केवळ वाद्यसंगीत अभिप्रेत असते. 1977 साली 'स्टार वॉर्स'च्या जॉन विल्यम्स यांनी रचलेल्या संगीताचा दोन तबकड्यांचा संच निघाला, आणि तो विकत घेणाऱ्यास त्यात गाणी नाहीत याचे वैषम्य वाटले नाही. आपल्याकडे तबकडी म्हणजे गाणी. पडद्यावर दृश्याखाली तासभर वाजलेले संगीत चित्रपटगृहातच विरते. फार तर श्रेयनामावलीचा एखादा तुकडा तबकडीवर येतो. जे घरी नेता येत नाही ते पुन्हा ऐकता येत नाही, आणि जे पुन्हा ऐकता येत नाही त्याविषयी भाषा घडत नाही. शासनाच्या दफ्तरीही हा भेद उशिरा स्थिरावला. 2009 सालच्या चित्रपटांसाठी दिल्या गेलेल्या 57 व्या राष्ट्रीय पुरस्कारांत गाण्यांचे संगीत आणि पार्श्वसंगीत यांना वेगवेगळे पुरस्कार मिळाले. त्याच्या आदल्याच वर्षी अजय-अतुल यांना 'जोगवा'साठी मिळालेला पुरस्कार एकाच, अविभक्त 'संगीता'चा होता.

आता शहाडच्या मंडळींचे शब्द पाहू. त्यांच्या बोलण्यात 'पार्श्वसंगीत' हा शब्द प्रस्तुत लेखकाने स्वाभाविकपणे उच्चारलेला ऐकला नाही. 'पार्श्वगायिका' मात्र सर्रास येतो. त्यांचा शब्द 'म्युझिक', आणि या शब्दाचा त्यांच्या बोलीतील अर्थ त्याच्या मूळ भाषेतील अर्थाहून कितीतरी संकुचित आहे. 'गाणं चांगलं, पण म्युझिक भारी' असे वाक्य एका श्रोत्याने उच्चारले तेव्हा कोणासही त्यात विसंगती जाणवली नाही. म्हणजे गाणे हे म्युझिक नव्हे. गळ्यातून येते ते गाणे. गळ्याव्यतिरिक्त जे जे वाजते ते म्युझिक. देवगिरीच्या यादवांच्या आश्रयास असलेल्या शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकात 'संगीतरत्नाकरा'त गीत, वाद्य आणि नृत्त या तिहींस मिळून संगीत म्हटले होते. त्या व्यापक शब्दातून गाणाऱ्याचा गळा वजा केला असता जे उरते, त्यासाठी आपल्याजवळ सुटसुटीत शब्द नव्हता. लोकांनी तो परभाषेतून उचलला आणि हवा तेवढाच अर्थ त्यात ठेवला. शुद्धिवाद्यांनी यावर नाक मुरडावे असे काही नाही.

या 'म्युझिक'ला मंडळी स्थलवाचक विशेषणे जोडतात. गाण्याच्या दोन कडव्यांमधील ते 'मधलं म्युझिक', गाणे उठण्यापूर्वीचे ते 'सुरुवातीचं', आणि दृश्याखालचे ते 'मागचं'. संस्कृत 'पार्श्व' म्हणजे कूस, बाजू. ग्रंथभाषेने हे संगीत बाजूला बसविले, बोलीने मागे. मागे असलेली वस्तू वळून पाहिल्यावाचून दिसत नाही, पण तिचे असणे पाठीला जाणवते. 'मागचं' हा शब्द म्हणूनच अधिक नेमका आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

'शोले'च्या (1975) संवादांची तबकडी एका बैठकीत लावण्यात आली तेव्हा या शब्दाची पहिली खरी कसोटी लागली. पॉलिडोरने या चित्रपटाच्या गाण्यांखेरीज संवादांचीही ध्वनिमुद्रिका काढली आणि ती अफाट खपली, हे सर्वश्रुत आहे. लोकांनी ती संवाद पाठ करण्यासाठी घेतली. परंतु संवाद चित्रपटाच्या ध्वनिपट्टीवरून घेतलेले असल्यामुळे त्यांच्याखाली वाजणारे राहुलदेव बर्मन यांचे संगीतही त्याबरोबर घरोघर गेले, ही गोष्ट फारशी कोणी नोंदविलेली नाही. ज्या देशात 'मागचं म्युझिक' विकत मिळत नव्हते, तेथे ते संवादांच्या पाठीवर बसून आले! गटातील एक बाई, ज्यांचे बालपण उल्हासनगरच्या एका छावणीवजा वस्तीत गेले, त्यांनी सांगितले की संवाद तोंडपाठ झाल्यावर त्या ऐकूच येईनाशा झाल्या, आणि मग खालचे ऐकू येऊ लागले. हे वाक्य मी वहीत तसेच लिहून घेतले. 'संवाद ऐकू येईनासे झाले' असे त्यांना म्हणावयाचे असावे, अशी शंका मी बोलून दाखविली. त्या म्हणाल्या, "नाही सर, मीच येईनाशी झाले." व्याकरणदृष्ट्या हे वाक्य सदोष आहे. तन्मयतेचे इतके थोडक्यात केलेले वर्णन मात्र सौंदर्यशास्त्रावरील ग्रंथांत सहसा सापडावयाचे नाही.

त्याच बैठकीत वाद माजला तो गब्बरच्या पहिल्या प्रवेशावरून. खडकावर पडणारे बुटांचे ठोके आणि घासत जाणारा पट्टा हे म्युझिक की नव्हे? दोघांचे म्हणणे, तो 'आवाज' आहे, म्युझिक नव्हे. काकांचे म्हणणे, "मोजून टाकलाय तो पाय. मोजला की म्युझिक." आवाज व संगीत यांच्यामधील सीमारेषा काळाच्या नियमनात शोधणारी ही व्याख्या आहे. तिच्यावर आक्षेप घेता येतील. यंत्रशाळेतील घणही मोजून पडतो. एकाने हा आक्षेप लगेच घेतलाही. काका म्हणाले, "आमच्याकडे पडायचाच. मी ऐकायचो." पुढे चर्चा चहावर गेली.

मंडळींच्या बोलण्यातील दुसरा विशेष म्हणजे षष्ठीचा वापर. गाण्याला मुखडा असतो, म्हणून नाव असते. वाद्यसंगीताच्या तुकड्याला मुखडाही नाही आणि नावही नाही. तेव्हा त्याला दृश्यावरून नाव पडते. 'शोले'त जय ओसरीवर बसून माउथ ऑर्गन वाजवितो आणि समोर राधा एकेक दिवा मालवीत जाते. तो माउथ ऑर्गन प्रत्यक्षात भानू गुप्त यांनी वाजविला. त्या धुनेला या गटात 'दिव्यांचं म्युझिक' म्हणतात. मी प्रथम यास दोष मानले. संगीताविषयी बोलण्याऐवजी हे लोक कथाच सांगत बसतात, अशी माझी टीप त्या दिवसाच्या पानावर आहे. ती चूक होती. धून चित्रपटात पुन्हा येते, तिच्या एका आवर्तनाविषयी बोलताना एक श्रोता म्हणाला, "इथं दिव्यांचं आहे, पण दिवे नाहीत." या वाक्यात 'दिव्यांचं' हा शब्द दृश्य सांगत नाही, स्वरावली सांगतो. षष्ठीने नामकरण पूर्ण केले होते, आणि नाव मिळाल्यामुळे दोन स्थळांची तुलना शक्य झाली होती. 'प्रसंगानुरूप' या शब्दाने अशी तुलना करून पाहावी!

'नागिन'च्या (1954) बाबतीतही हेच दिसले. हेमंतकुमार यांच्या त्या संगीतातील पुंगीसारखा ध्वनी पुंगीचा नव्हे. क्लॅव्हियोलिन हे विद्युत्‌वाद्य कल्याणजी यांनी आणि हार्मोनियम रवी यांनी वाजविली होती. ही माहिती गटातील सर्वांस आहे आणि नवागतास ती अभिमानाने सांगितली जाते. तरी त्या तुकड्याचे नाव 'बीनचं म्युझिक' हेच राहिले आहे.

येथवरची व्यवस्था नीटनेटकी दिसते. तिला तडा गेला तो 'जैत रे जैत'मुळे (1977). गो. नी. दांडेकरांच्या कादंबरीवरील जब्बार पटेल यांच्या या चित्रपटाला हृदयनाथ मंगेशकरांचे संगीत आणि ना. धों. महानोरांची गीते आहेत. कथा ठाकरांची. शहाडहून कसाऱ्याकडे जाणारी गाडी तासाभरात ज्या शहापूर तालुक्यात शिरते, तेथे ठाकरांच्या वाड्या आजही आहेत, आणि गटातील एका श्रोत्याचे आजोळ त्या बाजूचे. ध्वनिमुद्रिका चालू असताना कोणी म्हणाले की ढोलाचे मागचे म्युझिक उत्तम जमले आहे. आजोळकरांनी हरकत घेतली. "ढोल मागं नाही. नाग्या ढोल वाजवतो. तो पुढंच आहे."

हरकत मार्मिक होती. या चित्रपटात गाणी इतकी आहेत आणि ती कथेत अशी मिसळली आहेत की कोणते पात्राचे आणि कोणते निवेदकाचे हे वेगळे काढता येत नाही. मागे-पुढे ही विशेषणे पडद्याला धरून आहेत; पडद्यावर वाद्य दिसले तर पुढचे, न दिसले तर मागचे. पण तबकडीला पडदा नाही. मग तबकडी ऐकणाऱ्याने पुढे-मागे कशावरून ठरवावे? आजोळकरांचे उत्तर असे की ज्यांच्या घरात ढोल आहे त्यांना तो कधीच मागचा वाटणार नाही. हा विचार प्रस्तुत लेखकास सर्वस्वी मान्य नाही. ध्वनिमुद्रणाच्या खोलीत वाजलेला ढोल हा वाडीतील ढोल नव्हे, हे आपण नाकारू शकत नाही. मात्र 'लोकसंगीताचा प्रभावी वापर' या छापील शेऱ्यात जो प्रश्न उपस्थितच होत नाही, तो येथे दोन वाक्यांत उपस्थित झाला. कोणासाठी मागचे?

'सैराट'विषयी (2016) अधिक लिहिण्यासारखे आहे; येथे एकच मुद्दा घेतो. अजय-अतुल यांनी त्यातील पाश्चात्त्य वाद्यवृंदाचे ध्वनिमुद्रण कॅलिफोर्नियातील सोनीच्या ध्वनिशाळेत करविले, याची वृत्तपत्रांतून पुष्कळ चर्चा झाली. प्रकाशित संचात चार गाणी आहेत. ती भ्रमणध्वनीवर ऐकून झाल्यावर गटातील सर्वांत तरुण श्रोता म्हणाला, "यातलं सगळ्यांत भारी म्युझिक यात नाहीच." सर्वांना वाटले, तो एखाद्या अप्रकाशित तुकड्याविषयी बोलतो आहे. त्याला अभिप्रेत होता तो शेवटचा प्रसंग, ज्यात संगीतच नाही. "शेवटी म्युझिक काढून घेतलंय," असे त्याने म्हटले. 'नाही' आणि 'काढून घेतलंय' यांत अंतर आहे. 'काढून घेणे' या संयुक्त क्रियापदाला कर्ता लागतो, आणि आधी काही दिलेले असावे लागते. चार गाण्यांनी जे दिले ते शेवटी कोणी तरी हिरावून घेतले, हा अर्थ त्या क्रियापदाने वाहून आणला. शांतता कोणत्याही तबकडीवर विकता येत नाही; तिच्याविषयीचा अभिप्राय तेवढा शिल्लक राहतो, तोही कोणी उच्चारला तर.

मुंबईत 1990 साली स्थापन झालेल्या 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' या संस्थेने जुन्या तबकड्यांच्या सूची आणि माहिती प्रसिद्ध करण्याचे मोलाचे कार्य केले. वादकांच्या व वाद्यवृंद-संयोजकांच्या आठवणी ग्रेगरी बूथ यांनी 2008 सालच्या आपल्या ग्रंथात संकलित केल्या. वाजविणाऱ्यांची बाजू अशा रीतीने काही अंशी नोंदली गेली. ऐकणाऱ्यांची नोंद करण्याचे काम भाषेच्या अभ्यासकांकडे येते, आणि ते आपण केलेले नाही. शहाडचा गट दोन वर्षांपूर्वी अकरा जणांचा होता.

काकांना आता वरच्या पट्टीतले स्वर ऐकू येत नाहीत. वयोमानाने असे होते. ट्रँगल, घुंगरू, व्हायोलिनची वरची तार हे सारे त्यांच्यासाठी थांबले आहे. गेल्या बैठकीत त्यांनीच 'शोले'च्या श्रेयनामावलीचे संगीत लावावयास सांगितले. ते वाजत असता ते मधूनमधून शेजारच्या बाईंकडे पाहत आणि "आलं का?" म्हणून विचारीत. बाई सांगत, "आलं. वरनं आलं, बारीक, सुईसारखं. आता खाली गेलं." काका मान डोलावीत. एका ठिकाणी बाईंना शब्द सापडेना. त्यांनी हाताने काही दाखविले, ते पुरेसे झाले नाही, आणि काकांनी सुई उचलून तबकडी पुन्हा पहिल्यापासून लावली.